अंबारीची बंदूक

चहा ठेवलाय, तोवर ऐकून घ्या. आणि कप हातात आला की स्वल्प जपून प्या. मध्येच हसू आलं आणि चहा सदऱ्यावर सांडला, तर मला बोल लावायचा नाही. माझी ही फजिती मी आतापर्यंत दुसऱ्यांच्याच तोंडून ऐकत आलोय. जो तो आपलं मीठ घालतो. म्हटलं, एकदा मीच सांगून टाकावी, म्हणजे बाजारात अस्सल मालही असू दे.

मी शिकलेला माणूस नाही. चौथीत मास्तरांचं आणि माझं पटलं नाही. त्यांनी शाळा ठेवली, मी सोडली. होसकोट्याला लॉरीच्या बॉड्या बांधण्यात जन्म गेला. लाकूड, लोखंड आणि रंग, एवढं मला कळतं. आमची माणसं बेंगळूरात कधी आली, कुठून आली, ते विचारू नका. बाप लॉरीचं सुतारकाम करायचा, आजा बैलगाडीचं. त्याच्या मागं अंधार.

माझ्या व्याह्यांच्या मागं मात्र भरपूर उजेड आहे. व्याही पुण्याचे, मोठ्या कंपनीतून रिटायर झालेले इंजिनिअर. त्यांची मुलगी आमच्या पोराला दिलेली. दोघं इथंच आयटीत आहेत. सून गुणी आहे, तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यांच्या घरच्या तलवारीबद्दल.

गेल्याच्या मागच्या खंडेनवमीला आम्ही नवरा-बायको पुण्याला होतो. पाटावर तलवार, तिला झेंडूची माळ, आणि शेजारी व्याही उभे. ती कुठल्या पणजोबांच्या कमरेला होती, कुठल्या मोहिमेवर गेली, परत कशी आली, सगळं तोंडपाठ. पोहे आले, गार झाले, तरी तलवार परतच येत होती. मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे काय पुजता, व्याहीबुवा?"

"पाना, हातोडी, रंधा," मी म्हटलं.

"छान छान," व्याही म्हणाले. "तीही शस्त्रंच की."

तुम्हीच सांगा, यात वाईट काय होतं? काही नाही. पण ते 'छान छान' माझ्या घशात अडकलं, ते बेंगळूरला येईपर्यंत खाली उतरलं नाही. लहान पोरानं वाकडातिकडा गणपती काढला की आपण म्हणतो ना, तसं होतं ते. आणि पुढच्या दसऱ्याला व्याही आमच्याकडं येणार होते.

आता माझ्याकडं बंदुकीचं लायसन आहे. देवनहळ्ळीच्या बाजूला थोडी शेती आहे, चहूकडून प्लॉट पाडून लेआउट झालेत, पण रानडुकरांना अजून कुणी सांगितलेलं नाही. बापाची ठासणीची बंदूक होती, ती गंजून मेली. तिच्या जागी दुसरी घ्यायची परवानगी मी काढून ठेवली होती. ती काढताना किती चपला झिजल्या ते सोडा. मी शिवाजीनगरच्या मागच्या गल्लीत, बंदुकांच्या दुकानात गेलो.

दुकानवाले भाई म्हातारे, सावकाश बोलणारे. त्यांनी एक-दोन साध्या बंदुका दाखवल्या. माझी नजर मात्र मागं भिंतीला टेकवलेल्या एकीवर गेली.

काय सांगू तिचं रूप. नळी पहारीसारखी जाड, पण तिचं भोक एवढंसं की तुरीचा दाणा जाणार नाही. दस्ता अक्रोडाचा, त्याच्यात अंगठा घालायला आरपार भोक पाडलेलं. दस्त्याच्या शेवटाला पितळेचा वळलेला आकडा, वाघाच्या नखासारखा. आणि नळीच्या खाली दांडीवर बसवलेला एक लाकडी गोळा, पेरूएवढा. उचलली तर खांदा खाली आला.

"ये क्या है भाई?"

"चचा, ये तुम्हारे काम की नै. एक बार में एकच गोली. पुरानी है. पर ऐसी दूसरी नै मिलेगी. एकच बनी है, मालिक का नाप लेके."

बास. पुढं भाई काय बोलले ते मी ऐकलंच नाही. अंगाचं माप घेऊन सदरा शिवतात. माप घेऊन बंदूक कोण करून घेतो? राजा. दुसरं कोण?

बंदूक माझ्या लायसनवर चढली, घरी आली. मी ती खाटेवर ठेवली आणि समोर खुर्ची घेऊन बसलो. मी लॉरीची बॉडी बघून सांगतो, ही विटांसाठी आहे की कोंबड्यांसाठी. मला एक बंदूक वाचता येऊ नये?

एवढी जड वस्तू घेऊन कोण रानात चालेल? म्हणजे चालायचीच नाही, बसून मारायची. कशावर बसून? तो आकडा बघा. तो अंबारीच्या कठड्यात अडकवायचा, म्हणजे हत्ती डुलला तरी बंदूक पडत नाही. आणि लाकडी गोळा कठड्यावर टेकवायचा. म्हैसूरच्या दसऱ्यात अंबारी बघितलेला माणूस मी, मला कुणी शिकवायचं? भोक बारीक, कारण राजा वाघाच्या डोळ्यातच मारायचा, कातडं खराब होऊ द्यायचा नाही. गोळी एकच, कारण दुसरी लागते ती भित्र्याला.

दस्ता मात्र माझ्या गालाला बसेना. फुगवटा भलत्याच बाजूला, लांबीही कमी. म्हणजे राजा डावरा आणि बुटका. उजव्या हातात हुक्का असणार.

आमची ही दारात उभी राहून सगळं ऐकत होती. "आणि ही आपल्याकडं कशी आली म्हणून सांगणार?" ती म्हणाली.

"आपला पणजोबा त्या अंबारीत राजाच्या मागं बसायचा."

"पणजोबांचं नाव काय?"

"ते नंतर बघू."

"अहो, नको ते अंगलट येईल. सरी, बरं मग, तुमचं तुम्ही निस्तरा," असं म्हणून ती आत गेली. एवढ्या वर्षांत तिचं मी ऐकलं असतं तर आज तुम्हाला नुसता चहाच मिळाला असता.

खंडेनवमीला मी पाटावर बंदूक मांडली. कुंकू, झेंडू, आकड्याला लिंबू-मिरची. व्याही आले, हातपाय धुऊन पाटासमोर बसले आणि गप्प झाले. तलवारवाला माणूस गप्प झालेला मी पहिल्यांदाच बघत होतो. मग मी सुरू झालो. हत्ती, अंबारी, वाघाचा डोळा, हुक्का. पणजोबाला आधी मागं बसवलं होतं, बोलता बोलता तो शेजारी आला. आणखी थोडा वेळ मिळता तर राजालाच खाली उतरवलं असतं.

सून फोटो काढत होती. पोरगा माझ्याकडं असा बघत होता, की हा आपलाच बाप आहे ना.

व्याह्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "व्याहीबुवा, हे फार मोलाचं आहे. हे असं वाऱ्यावर सोडून चालणार नाही. पुरावा गोळा करू. कुठल्या दुकानातून आली म्हणालात?"

मी म्हणालो नव्हतो. म्हणजे, पणजोबापासून घरात असलेली वस्तू दुकानातून कशी येईल? पण शिकलेला माणूस असा शांतपणे विचारतो की उत्तर आपसूक बाहेर पडतं. "शिवाजीनगर," मी म्हणून बसलो. मग सांगावं लागलं, की मधल्या काळात घराबाहेर गेली होती, मी शोधून परत आणली. व्याह्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "अगदी आमच्या तलवारीसारखंच."

दसरा सरल्यावर ते मला ओढतच शिवाजीनगरला घेऊन गेले. मी वाटेत दोनदा छातीत दुखतंय म्हणून बघितलं. व्याही म्हणाले, "गॅस असेल." भाईंनी फोन करून आधीच्या मालकांना विचारलं आणि पत्ता दिला. राजवाडा नव्हता. कँटोनमेंटच्या बाजूला जुन्या बिल्डिंगमधलं घर होतं, जिन्यात फुलांच्या कुंड्या. दार उघडलं एका ठेंगण्या म्हातारीनं. पांढरे केस, ताठ मान, हातात काठी. कोडगूकडच्या, म्हणजे आपल्या कूर्गच्या. मुत्तम्मा नाव.

"बन्नी, कूत्कोळ्ळी," म्हणाल्या. या, बसा.

व्याह्यांना कानडीचं अक्षर येत नाही, हे मला तिथं एकदम आठवलं आणि जिवात जीव आला. दुभाषी मीच होतो ना.

मी फोनवरचा फोटो दाखवून कानडीत विचारलं, "अम्मा, ही कुठल्या राजाची?"

"राजा कसला? माझ्या नवऱ्यानं केली. तो कारखान्यात लेथवर होता. नळी जुनी विलायती मिळाली, बाकी सगळं रात्रंदिवस घासून त्यानं घडवलं."

"काय म्हणतायत?" व्याही.

"म्हणतायत, खास कारागिरानं घडवली. नळी विलायती."

"वा. कुणासाठी घडवली?"

मी विचारलं. अम्मा म्हणाल्या, "माझ्यासाठी. मी डावरी, आणि ही अशी बुटकी. बाजारातली कुठलीच मला बसेना."

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, मालक डावरे होते. उंचीनं बेताचे."

व्याह्यांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली. "तुम्ही नुसत्या लाकडावरून ओळखलंत. कमाल आहे. आता वाघ किती मारले ते विचारा."

विचारणं भाग होतं. अम्मांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. "वाघ? मी आयुष्यात कोंबडी मारली नाही. कागदावर काळा ठिपका असतो, त्याच्यावर नेम धरायचा. तेवढंच."

"किती म्हणाल्या?"

"म्हणतायत, त्याची मोजदादच नाही."

बघा, यात एक शब्द खोटा नाही. इथंच उठलो असतो तर निभावलं असतं. पण व्याह्यांना दस्त्याच्या त्या पितळी आकड्याचं विचारायचं होतं, आणि आता त्यांना माझी वाट बघण्याचा धीर राहिला नव्हता. ते खुर्चीवर उजवीकडं-डावीकडं डुलायला लागले. एक हात सोंडेसारखा हलवला, दुसऱ्या हाताचं बोट वाकवून हवेत अडकवलं, आणि एक डोळा मिटून नेम धरला.

अम्मांनी मला कानडीत विचारलं, "हे बरे आहेत ना?"

आणि माझं उत्तर यायच्या आत त्यांनी व्याह्यांनाच इंग्रजीत विचारलं, इंग्रजी येतं का म्हणून. रिटायर इंजिनिअरला.

पुढं मला काही कळलं नाही. दोघं बोलत होते, भराभरा. मला एकच शब्द ओळखू येत होता, एलिफंट. तो आधी व्याह्यांच्या तोंडी आला, मग अम्मांच्या, मग दोघांच्या एकदम. अम्मा उठल्या, काठी घेऊनच दाखवायला लागल्या. आकडा काखेत अडकवायचा. गोळा तळहातात घ्यायचा, कोपर कमरेवर टेकायचं, म्हणजे उभ्यानं मारताना जड बंदूक हलत नाही. जड का, तर हलू नये म्हणूनच. हे मला हातवाऱ्यांवरून समजलं. हत्ती त्यात कुठंच बसत नव्हता.

"काय म्हणतायत?" आता मी विचारत होतो.

व्याह्यांनी रुमालानं डोळे पुसले. "छान छान," म्हणाले.

घरी आल्यावर काय झालं असेल ते तुमच्या डोळ्यासमोर आलंच असेल. व्याही जेवताना म्हणाले, "व्याहीबुवा, हत्तीला घास काढून ठेवलात का?" सुनेनं पदराआड, म्हणजे तिला पदर नव्हता, लॅपटॉपाआड हसू दाबलं. आमच्या हिनं व्याह्यांना आग्रहानं आणखी एक पोळी वाढली, तेच जास्त लागलं. पण खरी भीती पुढं होती. व्याह्यांच्या पुतण्याचं पुण्यात लग्न होतं, आणि सगळा गोतावळा जमणार होता. व्याही म्हणाले, "ही गोष्ट तिथं सांगितल्याशिवाय मला जेवण जायचं नाही."

रात्री ही म्हणाली, "मला त्या लग्नात मान वर करून फिरायचंय. ते सांगणार नाहीत असं काहीतरी करा. आणि पणजोबांना मध्ये आणू नका."

उपाय अम्मांनीच दिला, नकळत. त्यांचा फोन आला. त्यांना ती बंदूक पुन्हा वाजलेली ऐकायची होती. खांदा दुखायला लागल्यावर नाइलाजानं दुकानात दिली होती. त्यांच्या चांदमारीच्या क्लबात त्यांना अजून मान होता. म्हणाल्या, रविवारी दोघंही या, बंदूक पेटीत घालून, लायसन खिशात घालून. तिथं व्याह्यांना बाजूला घेऊन मी बोललो. "तुमच्या घराण्यात तलवार आहे, माझ्याकडं ही आहे. होऊन जाऊ दे. ज्याची गोळी काळ्या ठिपक्यात बसेल त्याचा शब्द खरा. माझी बसली तर पुण्यात हत्तीचं नाव काढायचं नाही."

"आणि माझी बसली तर?"

"तर सांगा. मी शेजारी उभा राहून हो म्हणेन."

"ठरलं," व्याही म्हणाले. त्यांना क्लबातली बंदूक दिली. ते माझ्या डाव्या हाताला, मी माझ्या जागी. दोघांनाही टेबलाशी बसवून, बंदुकीखाली वाळूची पिशवी दिली. समोर लांब कागद लावलेले. अम्मा आमच्या मागं, तिकाटण्यावरच्या दुर्बिणीला डोळा लावून.

व्याह्यांनी एकामागून एक गोळ्या मारल्या. प्रत्येक वेळी चाप ओढताना ते डोळे मिटत होते, आणि गोळ्या मागच्या मातीत जात होत्या. माझंही तेच. डावऱ्या माणसाचा दस्ता, माझा गाल उजवा. मान अशी वाकडी झाली होती की मी नेम धरतोय की न्हाव्याकडं बसलोय ते मला कळेना. शेवटची गोळी राहिली.

अम्मांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "अण्णा, घाई नको. श्वास सोडा. चाप ओढू नका, लिंबू पिळतो तसा दाबत राहा. डोळ्यासमोरच्या नेमाच्या चकतीला भोक आहे ना, त्यातून फक्त ठिपका बघा, बाकी जग सोडा."

मी सोडलं. व्याही सोडले, तलवार सोडली, पुणं सोडलं. त्या बारक्या भोकातून एक काळा ठिपका दिसत होता, गोल, अगदी स्वच्छ. लिंबू पिळत गेलो. बंदूक कधी वाजली मला कळलं नाही. पण खिळा लाकडात सरळ बसला की हाताला कळतं ना? तसं कळलं. बसली. जन्मात इतकं बरोबर मी दुसरं काही केलं नसेल.

कागद आणले. माझा कागद कोरा होता. लावला तसा, एक ओरखडा नाही. व्याह्यांच्या कागदावर काळ्या ठिपक्याच्या बरोबर मधोमध एक भोक.

व्याही त्या कागदाकडं बघतच राहिले. "मी तर डोळे मिटले होते," म्हणाले. मग कागद उजेडाकडं धरून, "रक्तात असतं हो हे. डोळे लागतच नाहीत."

मी मागं वळून अम्मांकडं बघितलं. त्या दुर्बिणीपासून उठल्या होत्या आणि तोंडावर हात धरून उभ्या होत्या. हळूच कानडीत म्हणाल्या, "भोकातून एकच ठिपका दिसतो, अण्णा. तो आपलाच आहे का, हे आधी बघायचं असतं. तुम्ही शेजारच्या कागदावर मारलीत. मी बघितलं. यांना इंग्रजीत सांगू?"

आता तुम्ही माझ्या जागी बसा. सांगितलं तर काय झालं असतं? एक, व्याह्यांनी मानलं नसतं. दोन, मानलं असतं तर पुण्यात दोन गोष्टी सांगितल्या गेल्या असत्या. एक हत्तीची, आणि दुसरी, आमच्या व्याह्यांना स्वतःचा कागदसुद्धा सापडत नाही याची. हत्ती एकटा गेलेला बरा.

"बेडा अम्मा," मी म्हटलं. नको.

"काय म्हणतायत?" व्याह्यांनी विचारलं.

"म्हणतायत, असा नेम त्यांनी फार दिवसांत बघितला नाही."

पुण्याच्या लग्नात पंगत बसायच्या आधी हत्तीची गोष्ट झाली, पंगतीत झाली, आणि उठल्यावर ज्यांची राहिली होती त्यांना वेगळी सांगितली. मी शेजारी उभा राहून हो म्हणत होतो, शब्द दिला होता ना. आमची ही दुसऱ्या टोकाला आचाऱ्याशी बोलत उभी होती. तिला एवढं काय बोलायचं होतं त्या आचाऱ्याशी, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांनी आम्हाला घरी नेलं. दिवाणखान्यात तलवारीच्या वर तो कागद काचेत घालून लावलाय. खाली पितळेच्या पट्टीवर त्यांचं नाव, पुढं घराण्याचं नाव. आलेल्या प्रत्येकाला हात धरून तिथं नेतात आणि भोकावर बोट ठेवतात. मलाही नेलं. मी चष्मा लावून जवळून बघितलं. इतक्या मोठ्या, जुन्या, नावाजलेल्या घराण्याच्या अगदी मधोमध एकच भोक आहे, आणि ते मी पाडलंय, हे मला पुण्यात कुणाला सांगता येत नाही.